बॉक्सर एकमेकांना का टाळतात? भीती की हिशेब?

कोपऱ्यातलं_स्टूल

परवा लेकाला मेवेदर-पॅकियाओ लढत लावून दिली. २ मे २०१५, लास वेगास. लेक पंधरा वर्षांचा आहे, बॉक्सिंगच्या क्लासला जायला लागून जेमतेम वर्ष झालंय. आठव्या फेरीला त्याने विचारलं, "बाबा, हे दोघं दमलेत का?" मला काही बोलता येईना. मी त्या लढतीची पाच वर्षांहून जास्त वाट पाहिली होती आणि ती पाच वर्षं त्याला दाखवायची सोय नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २००९ च्या शेवटी दोघंही ऐन भरात होते. पॅकियाओने नोव्हेंबरमध्ये मिगेल कोट्टोला थांबवलं होतं, मेवेदर सप्टेंबरमध्ये मार्केझला सहज हरवून परतला होता. १३ मार्च २०१० या तारखेसाठी बोलणी सुरू झाली आणि रक्ततपासणीवरून फिसकटली. मेवेदरला लढतीपर्यंत कधीही रक्त घेण्याची मुभा हवी होती, पॅकियाओच्या बाजूला ते मान्य नव्हतं. त्याच तारखेला पॅकियाओ जोशुआ क्लॉटीशी लढला. मग २०१२ च्या डिसेंबरमध्ये मार्केझने पॅकियाओला सहाव्या फेरीत असा ठोसा मारला की तो तोंडावर पडला. अखेर लढत झाली तेव्हा मेवेदर ३८ चा, पॅकियाओ ३६ चा, वर त्याचा खांदा दुखावलेला. तरीही ४६ लाख ग्राहकांनी पे-पर-व्ह्यूचे (टीव्हीवर ती एक लढत बघण्याचे) पैसे भरले आणि त्यातून ४० कोटी डॉलरच्या वर रक्कम जमली.

म्हणजे उशीर केल्याने दोघांच्या खिशाला काहीच झळ बसली नाही. लढत मात्र नासली.

माझं मत स्पष्ट आहे. समोर एक नंबरचा दावेदार उभा असताना जो दुसरीकडे वळतो त्याला मी चॅम्पियन म्हणणार नाही. पण इथे या धंद्याची माहिती असलेले लोक आहेत. हे नक्की का होतं, कुणी समजावून सांगेल का?

अप्परकट_आज्जी

+१. अँथनी जोशुआ-डीऑन्टे वाइल्डर, या दोन हेवीवेटांची वर्षानुवर्षं न जुळलेली लढत, असं नुसतं कुणी म्हटलं तरी माझा चहा गार होतो.

हिशेबनीस

धागा आवडला. मी सीए आहे आणि वीस वर्षं बॉक्सिंग बघतोय, त्यामुळे माझ्या बाजूने लिहितो.

बॉक्सर म्हणजे एकाच यंत्रावर चालणारं दुकान, आणि ते यंत्र त्याचं शरीर. वरच्या पातळीवरचा बॉक्सर आज वर्षाला दोन लढती करतो. भराची दहा वर्षं धरली तर आयुष्यात वीस बिलं फाडायची. पगार नाही, संघ नाही, पेन्शन नाही. मिळालेल्या पर्समधून (लढतीच्या मोबदल्यातून) मॅनेजरचा वाटा जातो (तो एक तृतीयांशपर्यंत असू शकतो), ट्रेनरचे साधारण १० टक्के, पट्ट्यासाठी, म्हणजे विजेतेपदासाठी, लढत असेल तर तो देणाऱ्या संघटनेची साधारण ३ टक्के फी, शिवाय दोन-अडीच महिन्यांच्या कॅम्पचा खर्च आणि स्पॅरिंगसाठी (सरावाच्या लढतींसाठी) आणलेल्या मुलांचे पैसे. उरलं त्यावर कर.

आता या माणसासमोर दोन प्रस्ताव ठेवा. एक प्रतिस्पर्धी अतिशय अवघड आहे पण त्याला बघायला लोक येत नाहीत. दुसरा बेताचा आहे पण त्याच्या देशातून पंधरा हजार माणसं तिकीट काढून येतात. पैसे दुसऱ्यात जास्त, धोका पहिल्यात जास्त. पहिला कोण घेईल?

यात सर्वांत जास्त कोण पोळलं, तर माझ्या मते गिलेर्मो रिगोंडो. क्यूबाचा हा डावखुरा २००० आणि २००४ ला ऑलिंपिक सुवर्ण जिंकला. एप्रिल २०१३ मध्ये न्यूयॉर्कला त्याने नोनितो डोनेअरला हरवलं, आणि डोनेअर तेव्हा आदल्या वर्षाचा सर्वोत्तम बॉक्सर ठरलेला होता. एवढ्या विजयानंतर दारं उघडायला हवी होती ना? झालं उलटंच. त्याची शैली सावध आणि प्रतिस्पर्ध्याला मूर्ख ठरवणारी. टीव्हीवाल्यांना ती नको होती, आणि प्रतिस्पर्ध्यांना तर मुळीच नको होती. पुढच्या वर्षी तो मकाऊ आणि ओसाकाला लढला. मोठी लढत मिळाली ती थेट डिसेंबर २०१७ मध्ये, लोमाचेंकोशी, दोन वजनगट वर चढून, वयाच्या ३७ व्या वर्षी. सहा फेऱ्यांनंतर तो स्टुलावरून उठलाच नाही.

डोनेअरसोबत जे झालं ते सगळ्या मॅनेजरांनी पाहिलं. अशा माणसाशी लढायला आपल्या पोराला पाठवायचं कशाला?

जुनी_तालीम

हिशेबनीस, तुमचं गणित बरोबर असेल, पण ते गणित गळी उतरत नाही.

शुगर रे रॉबिन्सन ५ फेब्रुवारी १९४३ ला जेक लामोटाकडून हरला. त्याची ती पहिली हार, त्याआधी ४० लढती अजिंक्य. आजचा बॉक्सर काय करेल? वर्षभर विश्रांती, मग दोन सोप्या लढती, मग 'आता बघू'. रॉबिन्सनने २६ फेब्रुवारीला, म्हणजे तीन आठवड्यांत, पुन्हा लामोटालाच समोर घेतलं आणि जिंकला. मधल्या काळात आणखी एक लढत केली ती वेगळीच. दोघं एकूण सहा वेळा लढले, रॉबिन्सनने पाच जिंकल्या. लामोटा काही फुकट पैसे देणारा गिऱ्हाईक नव्हता, जीव काढणारा माणूस होता.

मी सांगलीकडचा, लहानपणी तालमीत वाढलो. आमच्याकडे गामा पैलवानाची गोष्ट तालमीतल्या प्रत्येक पोराला ठाऊक असायची. १९१० ला लंडनमध्ये पोलंडच्या झिबिस्कोशी अडीच तासांहून जास्त झोंबी झाली, निकाल लागला नाही. आठवड्याने पुन्हा बोलावलं तर झिबिस्को आलाच नाही. पुढे १९२८ ला पतियाळ्यात दोघं भिडले आणि मिनिटाच्या आत निकाल. मैदानात न येणाऱ्याला आमच्याकडे काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.

नाइटशिफ्ट_बर्मिंगहॅम

मी बारा वर्षं इथे बर्मिंगहॅमला आहे. लास वेगासचं तुम्ही बोललात, मी खालच्या मजल्याचं सांगतो, कारण टाळण्याची सवय तिथेच लागते.

माझ्या कामावरच्या एका मुलाने प्रो लायसन्स काढलं. पहिल्या लढतीआधी तो आम्हा सगळ्यांकडे तिकिटं घेऊन फिरत होता. मला वाटलं हौस. नाही. इथल्या छोट्या हॉलमधल्या लढतींत घरच्या कोपऱ्यातल्या मुलाने तिकिटं खपवायची असतात. त्या पैशातून आधी समोरच्या बॉक्सरचे पैसे निघतात, मग स्वतःचे. म्हणजे ज्याला हरवायचं त्याचा मोबदला तुम्हीच द्यायचा! आमचा मुलगा पहिली लढत जिंकला आणि हातात आलं ते जेमतेम कॅम्पच्या खर्चापुरतं.

आता तो हरला असता तर? दुसऱ्या वेळी मी तिकीट घेतलं असतं, सख्खे मित्र आले असते, पण मित्राचा मित्र आला नसता. हे त्याला लढायच्या आधीच माहीत होतं. म्हणून समोरच्या कोपऱ्यात हरण्याची सवय असलेला माणूस लागतो. त्याला इथे जर्नीमन म्हणतात. याच शहरातला पीटर बकली २००८ ला ३०० वी लढत लढून निवृत्त झाला. त्या ३०० पैकी २५६ हरलेला. त्याला कुणी हसत नाही इथे. अंगाला इजा होऊ न देता समोरच्या पोराला चार-सहा फेऱ्या शिकवून घरी पाठवणं हे कसबाचं काम आहे, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा उभं राहायचं असतं.

सांगायचा मुद्दा, ज्या मुलाच्या पहिल्या दहा लढती अशाच जुळवल्या जातात त्याच्या मनात 'शून्य', म्हणजे एकही हार नसणं, हीच कमाई आहे हे घट्ट बसतं. पुढे तो चॅम्पियन झाला तरी ते जात नाही.

अप्परकट_आज्जी

पीटर बकलीबद्दल पहिल्यांदाच कळलं. २५६ वेळा हरून पुन्हा उभा राहणारा माणूस! माझ्या नातवाला गणितात नापास झाल्यावर हेच सांगणार आहे.

वाकडी_वाट

@जुनी_तालीम, जुन्या काळाबद्दल तुमच्याएवढाच आदर आहे, पण तो काळ धुवून घेऊ नका.

जॅक डेम्पसी १९१९ ते १९२६ हेवीवेट चॅम्पियन होता. त्या सगळ्या काळात हॅरी विल्स हा कृष्णवर्णीय बॉक्सर पहिल्या क्रमांकाचा दावेदार मानला जात होता. लढत झाली नाही. कारणं काय दिली गेली? प्रमोटरला दंगलीची भीती, राजकारण्यांचा दबाव, धंदा बसेल ही काळजी. सॅम लँगफोर्डला तर हेवीवेटच्या जागतिक पट्ट्याची संधी कधीच मिळाली नाही. आणि मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट म्हणजे स्वतः जॅक जॉन्सन, पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट चॅम्पियन, पट्टा हातात आल्यावर त्यानेही लँगफोर्डला संधी दिली नाही. गोऱ्या प्रतिस्पर्ध्याशी लढण्यात पैसा होता.

'धंद्याचं कारण' हा शब्द तेव्हाही होता. त्याच्या आड वर्णभेद बिनबोभाट बसला होता. म्हणून कुणी आज मला धंद्याचं कारण सांगितलं की मी आधी विचारते, नुकसान नक्की कुणाचं होतंय आणि ठरवतंय कोण?

रॉबिन्सनच्या काळात लोक वर्षाला दहा-पंधरा वेळा लढत होते, कारण एका लढतीत पोट भरत नव्हतं. हरलं तरी पुढच्या महिन्यात पुन्हा गेटवर पैसे. हे शौर्य होतंच, पण त्यात गरजही होती.

जुनी_तालीम

वाकडी_वाट ताई, विल्सबद्दल तुमचं म्हणणं मान्य. डेम्पसीचा मी भक्त होतो, हे एवढं ठाऊक नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर तालमीतही वस्ताद पोराला वाटेल त्या जोडीला सोडत नसत. सतरा वर्षांचा असताना गावच्या जत्रेत एका थोराड पैलवानाशी जोड लावा म्हणून मी हट्ट धरला होता. वस्ताद म्हणाले, "अजून सहा महिने." मी दोन दिवस जेवलो नाही. सहा महिन्यांनी त्यांनीच जोड लावली आणि कुस्ती बरोबरीत सुटली. आधी गेलो असतो तर खांदा घालवून बसलो असतो. पण लक्षात घ्या, वस्तादांनी सहा महिने म्हटलं आणि सहा महिन्यांनी लावली. सहा वर्षांनी नाही.

रिंगसाइड_राणे

मी पणजीचा. आपल्याकडचं उदाहरण कुणी दिलं नाही म्हणून लिहितो.

विजेंदर सिंग २०१५ ला प्रो झाला. बीजिंग ऑलिंपिकचं कांस्य आणि ओळखीचा चेहरा असलेला भारतात एकच बॉक्सर होता, त्यामुळे त्याचा मार्ग जपून आखणं समजण्यासारखं होतं. ऑगस्ट २०१७ ला मुंबईत वरळीला चीनच्या मैमैतिअलीला हरवलं. २०१९ ला अमेरिकेत नेवार्कला जिंकला. बारा लढती, बारा विजय. पण त्या बारांत जगातल्या पहिल्या फळीतलं नाव नाही.

मग १९ मार्च २०२१ ला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजाच्या छतावर रिंग बांधली. समोर रशियाचा आर्तिश लोप्सान, विजेंदरहून बराच उंच आणि तरुण. विजेंदर सव्वा वर्ष रिंगबाहेर होता. पाचव्या फेरीत रेफरीने थांबवलं. मी तेव्हा किनाऱ्यावरून जहाजाचे दिवे बघत उभा होतो, मोबाइलवर बातमी आली. वाईट वाटलं. त्याहून वाईट वाटलं ते नंतर. दीड वर्ष काही नाही, मग ऑगस्ट २०२२ ला रायपूरला एक लढत, जिंकला. भारतीय प्रो बॉक्सिंग उभं राहील असं जे वातावरण होतं ते त्या शून्याच्या आधारावर उभं होतं. शून्य गेलं आणि तंबूच खाली आला.

आता सांगा, त्याने आधीच मोठा धोका घ्यायला हवा होता का? मला वाटतं हो. २०१७-१८ ला, वयाच्या बत्तिशीत, एखाद्या खऱ्या दावेदाराशी लढून हरला असता तरी लोकांना कळलं असतं की आपण कुठे आहोत.

नाइटशिफ्ट_बर्मिंगहॅम

राणे, अगदी. पण तेव्हा तो हरला असता तर वरळीला तिकिटं कुणी घेतली असती? तिढा तोच आहे.

मांडवपरतणे

हे सगळं वाचताना मला आमच्याकडची लग्नाची बैठक आठवते. मुलगा तयार, मुलगी तयार, याद्या करायला बसले आणि मानपानावरून मोडलं. बॉक्सिंगच्या करारात काय काय ठरवावं लागतं बघा: पैशांची वाटणी, पोस्टरवर आधी नाव कुणाचं, रिंगमध्ये आधी कोण चालत येणार, ग्लोव्हज कुठल्या कंपनीचे, रिंग किती फुटांची, वजन किती, वजन केल्यानंतर किती किलो वाढवता येईल, दुसरी लढत सक्तीची की नाही, आणि टीव्हीवर दाखवणार कोण. मेवेदर शोटाइमकडे, पॅकियाओ एचबीओकडे. दोन्ही वाहिन्यांना एकत्र बसवायलाच वर्षं गेली. पॅकियाओच्या मागे प्रमोटर बॉब एरम, आणि त्याच एरमच्या कंपनीतून मेवेदर २००६ ला साडेसात लाख डॉलर भरून बाहेर पडलेला. वधूवर सोडा, व्याह्यांचंच जुनं भांडण.

हिशेबनीस

मांडवपरतणे, हे उत्तम पकडलंत. क्रिकेटमध्ये भारत-ऑस्ट्रेलिया कधी खेळायचं हे विराटला विचारून ठरत नाही, वेळापत्रक येतं. बॉक्सिंगमध्ये वेळापत्रक बनवणारं कुणीच नाही. यूएफसीमध्ये, म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढतींत, एकच कंपनी जोड्या लावते, म्हणून तिथे एक आणि दोन नंबर सहसा भिडतात. त्या बदल्यात तिथल्या लढवय्यांना एकूण कमाईतला वाटा बॉक्सिंगच्या मोठ्या नावांपेक्षा बराच कमी मिळतो. बॉक्सरला नाही म्हणण्याचं स्वातंत्र्य आहे, ते त्याच्या बाजूने बघितलं तर मोलाचं आहे.

कोपऱ्यातलं_स्टूल

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. एक शंका. वेळापत्रक नाही म्हणता, पण मँडेटरी चॅलेंजर नावाचा प्रकार आहे ना? संघटनेने ठरवलेल्या दावेदाराशी ठरावीक काळात लढलंच पाहिजे. दोन्ही बाजूंचं जमलं नाही तर बंद पाकिटातून बोली लागते आणि जास्त बोली लावणारा प्रमोटर लढत घेतो. मग टाळता कसं येतं?

हिशेबनीस

पट्टा सोडून!

रिडिक बो घ्या. नोव्हेंबर १९९२ ला होलीफील्डला हरवून तो निर्विवाद हेवीवेट चॅम्पियन झाला. डब्ल्यूबीसी या पट्टा देणाऱ्या संघटनेने सांगितलं, आता लेनॉक्स लुईस. लुईसने १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत याच बोला थांबवलं होतं. बोने काय केलं? डिसेंबरमध्ये लंडनला कॅमेऱ्यांसमोर डब्ल्यूबीसीचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला. दोघं प्रो म्हणून कधीच लढले नाहीत.

कॅनेलो अल्वारेझ, मे २०१६. अमीर खानला बेशुद्ध पाडलं, ठरलेल्या दावेदाराला, गोलोव्किनला, रिंगमध्ये बोलावून घेतलं, आणि दोन आठवड्यांच्या आत डब्ल्यूबीसीचा पट्टा सोडून दिला. लढत झाली सप्टेंबर २०१७ ला, तेव्हा गोलोव्किन ३५ चा. आधीच्याच लढतीत जेकब्सने त्याला पूर्ण बारा फेऱ्या खेळवलं होतं, म्हणजे सलग २३ नॉकआऊटची त्याची साखळी तुटलेली. तरीही निकाल बरोबरीत, आणि एका जजने कॅनेलोला ११८-११० दिले होते. मी त्या रात्री झोपलो नाही.

आणि चार संघटना, चार पट्टे, चार वेगळे दावेदार. सगळे पट्टे एकत्र करणाऱ्यालाही त्याचा त्रास होतो. उसिकने मे २०२४ मध्ये फ्युरीला हरवून चारही पट्टे घेतले, तर जूनमध्ये आयबीएफ या संघटनेचा सोडावा लागला, कारण त्यांचा दावेदार रांगेत होता आणि उसिकचा फ्युरीशी दुसरा करार झालेला होता. इथे तर उसिकवर पळपुटेपणाचा आरोप कुणी करणार नाही.

लोणच्याची_बरणी

बॉक्सिंगवाले या उशिराला मुरवणं म्हणतात, आयडीमुळे माझा यावर हक्क आहे. :)

लोणचं मुरलं की चव येते हे खरं. स्पेन्स-क्रॉफर्ड पाच वर्षं मुरली, जुलै २०२३ ला झाली, स्पेन्स २८-०, क्रॉफर्ड ३९-०. पण मधल्या काळात स्पेन्सचा मोटारीचा भीषण अपघात झाला, डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. क्रॉफर्डने त्याला तीनदा पाडून नवव्या फेरीत संपवलं. क्रॉफर्ड माझ्या लेखी या पिढीतला सर्वोत्तम, पण २०१९ चा स्पेन्स कसा लढला असता हे आता कधीच कळणार नाही.

आणि जोशुआ-वाइल्डर ही बुरशी आलेली बरणी. २०१८ मध्ये वाइल्डरच्या बाजूने जोशुआला ५ कोटी डॉलर देऊ केल्याचं जाहीर झालं. ईमेल गेले, आरोप झाले, सही झाली नाही. जोशुआकडे तेव्हा ब्रिटनची स्टेडियमं भरत होती, त्याला घाई नव्हती. १ जून २०१९ ला तो न्यूयॉर्कला पहिल्यांदा अमेरिकेत लढला. मूळ प्रतिस्पर्धी उत्तेजक चाचणीत सापडला म्हणून महिन्याभराच्या सूचनेवर अँडी रुईझला आणलं. सुटलेल्या पोटाचा, हसऱ्या चेहऱ्याचा. जोशुआ चार वेळा पडला, सातव्या फेरीत संपलं.

डिसेंबर २०२३ ला रियाधमध्ये दोघांना एकाच कार्डवर आणलं, दोघं जिंकले तर मग एकमेकांशी. जोशुआ जिंकला. वाइल्डर पार्करकडून हरला. बरणी फेकून द्यावी लागली.

यात हिशेबनीस काकांना प्रश्न: ज्या 'सुरक्षित' लढतीसाठी ५ कोटी सोडले, तीच महाग पडली की नाही?

हिशेबनीस

पडली. हिशेब चुकला. ठोसा खाणाऱ्या धंद्यात सुरक्षित लढत हा शब्द मीही जपूनच वापरायला हवा होता.

वॉर्ड_क्रमांक_नऊ

मी न्यूरोसर्जरीच्या वॉर्डात परिचारिका आहे. बॉक्सिंग नवऱ्यामुळे बघते. इथे सगळे 'धोका' म्हणजे हार असं धरून चाललेत. मला त्या शब्दाचा दुसरा अर्थ रोज दिसतो.

२५ फेब्रुवारी १९९५, लंडन, नायजेल बेन विरुद्ध जेराल्ड मॅक्लेलन. दोन भयंकर ठोसेबाज, कुणी कुणाला टाळलं नाही, प्रेक्षकांना हवी तशी लढत झाली. दहाव्या फेरीत मॅक्लेलन गुडघ्यावर बसला. मेंदूत रक्त साकळलं होतं. दृष्टी गेली, तेव्हापासून त्याची काळजी बहिणींनी घेतली.

एखाद्याची बायको म्हणाली की हा एक सोडून दुसरा कुणीही घे, तर मी तिला दोष देणार नाही.

जुनी_तालीम

यावर काही बोलू शकत नाही. वाचून थांबलो.

पटावरचा_उंट

थोडं अवांतर. हे फक्त ठोसे खाणाऱ्यांचं नाही. बुद्धिबळाचा जगज्जेता कॅपाब्लांका याने १९२२ मध्ये नियम घातला, माझ्याशी जगज्जेतेपदाचा सामना हवा तर १०,००० डॉलर उभे करा. अलेखाइनने ते उभे केले, १९२७ ला ब्युनॉस आयर्सला जिंकला, आणि मग कॅपाब्लांकाला परतीचा सामना कधीच दिला नाही. तिथे मेंदूला इजा होणार नव्हती, फक्त मुकुट जाणार होता.

वाकडी_वाट

उंट, अवांतर नाही हे. वॉर्ड ताईंनी सांगितलेली भीती आणि अलेखाइनची भीती या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बॉक्सिंगमध्ये दुसरी बहुतेक वेळा पहिलीचा कोट घालून येते. जीव प्यारा म्हणून लढत नाकारणारा माणूस निवृत्त होतो. तो आणखी तीन सोप्या लढती विकत नाही.

बायकांच्या बॉक्सिंगकडे बघा. केटी टेलर, आयर्लंडची देवता. मे २०२३ ला व्यावसायिक म्हणून पहिल्यांदा घरी डब्लिनला लढली. सोहळ्यासाठी कुणीही सोपी प्रतिस्पर्धी चालली असती. तिने वरच्या गटात जाऊन निर्विवाद चॅम्पियन शँटेल कॅमरनला घेतलं, आणि आपल्या माणसांसमोर हरली. नोव्हेंबरमध्ये त्याच शहरात तिच्याशीच पुन्हा लढून जिंकली. तिकिटं दोन्ही वेळा खपली. तिचं नाव हरल्याने कमी झालं का? मला तर ती त्यानंतर जास्त आवडायला लागली. हार झाली की दुकान बंद, हे गणित निसर्गाने लिहिलेलं नाही.

रिंगसाइड_राणे

वाकडी_वाट, पटलं. आणि पुरुषांमध्येही कॅनेलोचं बघा. बेनाविडेझ किती वर्षं डब्ल्यूबीसीच्या रांगेत उभा होता. कॅनेलो रायडर, चार्लो यांच्याशी लढत राहिला, शेवटी बेनाविडेझ कंटाळून वरच्या गटात गेला. मग सप्टेंबर २०२५ ला कॅनेलोने दोन गट खालून आलेल्या क्रॉफर्डला घेतलं, आकाराने लहान म्हणून धोका कमी. एकमताने हरला. पण ती लढत मोठी झाली, आणि हरलेल्या कॅनेलोला कुणी विसरलेलं नाही.

लोणच्याची_बरणी

आता सौदी पैशामुळे हे बदलतंय असं म्हणतात. फ्युरी-उसिक रियाधला झाली, बेटरबिएव्ह-बिवोल दोनदा तिथेच झाली. हरणाऱ्यालाही इतके पैसे की नाही म्हणायला कारण उरत नाही. माझं मन त्या पैशाबाबत साफ नाही, ते कशासाठी ओतले जातात हे न कळण्याइतके आपण भोळे नाही. पण बेटरबिएव्ह २०-० आणि वीसही नॉकआऊट, बिवोल २३-०, ही लढत एरवी मुरतच राहिली असती.

नाइटशिफ्ट_बर्मिंगहॅम

आणि ज्या बर्मिंगहॅमच्या मुलाबद्दल लिहिलं, त्याच्यासाठी त्यातलं काहीच बदललेलं नाही. तो अजून तिकिटं विकतोय. सात लढती, सात विजय. परवा त्याला एका चांगल्या मुलाशी लढायला बोलावणं आलं, पैसे तिप्पट, पण कोपरा पाहुण्याचा. त्याने मला विचारलं काय करू. मी हा धागा वाचत होतो तरी मला सांगता आलं नाही.

जुनी_तालीम

त्याच्या ट्रेनरला विचारायला सांगा, "अजून किती महिने?" आकडा सांगितला तर थांबावं. आकडा नाही सांगितला तर ट्रेनर बदलावा.

कोपऱ्यातलं_स्टूल

@जुनी_तालीम, हे मी वहीत लिहून ठेवलं.

पहिल्या पोस्टमध्ये मी सरसकट लिहिलं होतं, ते मागे घेतो. ज्याला वीसच बिलं फाडायची आहेत आणि ज्याच्या मागे वॉर्ड क्रमांक नऊ आहे त्याला मी खुर्चीत बसून भित्रा म्हणणार नाही. पण बोने टाकलेल्या पट्ट्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. तेव्हा त्याच्याकडे पैसा होता, वय होतं, जगातला सर्वांत मोठा सन्मान होता. आणि मेवेदर-पॅकियाओसाठी रात्र जागवून बघायला बसणाऱ्यांत मीही होतोच. उशीर करूनही गल्ला भरतो हे त्यांना आपणच दाखवून दिलं.

लेकाला आता या रविवारी काय दाखवू? टेलर-कॅमरन दोन्ही ठरल्या. बेटरबिएव्ह-बिवोल दाखवू का, की त्याला तीही दमलेली वाटेल?

लोणच्याची_बरणी

दाखवाच, आणि दोन्ही दाखवा. आधी ऑक्टोबर २०२४, मग फेब्रुवारी २०२५. निकाल सांगू नका. कागद-पेन्सिल देऊन प्रत्येक फेरीचे गुण त्याला लिहायला लावा. दोन्ही रात्री तिन्ही जजांचे आकडे तेच होते, ११४-११४, ११५-११३, ११६-११२, फक्त नाव बदललं होतं. त्याचे आकडे काय येतात ते इथे नक्की लिहा, मी वाट बघतोय.